तपासणारं कुणीच नव्हतं

लॉस एंजेलिसला पाणी आणणारा विल्यम मुलहॉलंड हा त्याच्या काळातला अमेरिकेतला नावाजलेला वॉटर इंजिनीअर. १२ मार्च १९२८ च्या सकाळी त्याने आपल्याच धरणाची पाहणी केली, धोका नाही असं सांगितलं आणि तो परत गेला. त्याच रात्री धरण फुटलं.

तुमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये असा एक जण असतोच. ज्याला सगळं येतं. तो करतोय म्हटल्यावर बाकीचे निवांत. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याने ग्रुपवर टाकलेली फाइल कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. त्याने केलंय ना, मग बरोबरच असणार! बहुतेक वेळा ते बरोबर असतंही. नसलंच तर दोन-चार मार्क जातात, व्हायवाला एक्स्टर्नलची बोलणी खावी लागतात आणि विषय संपतो.

आता हाच मुलगा सत्तरीला पोचलाय असं समजा. अख्खं शहर त्याने आणलेल्या पाण्यावर जगतंय. त्याच्या आकडेमोडीवर फेरनजर टाकायची कुणालाच गरज वाटत नाही, कारण आजवर तो कधी चुकलेला नाही. आणि तो एक धरण बांधतोय, ज्याच्या खालच्या खोऱ्यात हजारो लोक रोज रात्री बिनधास्त झोपतात.

ही कल्पना नाही. या माणसाचं नाव विल्यम मुलहॉलंड. तुमच्यातल्या सिनेमावाल्यांनी हे नाव ऐकलं असेल, कारण लॉस एंजेलिसच्या डोंगरावरून जाणारा मुलहॉलंड ड्राइव्ह हा रस्ता त्याच्याच नावाचा आणि डेव्हिड लिंचच्या सिनेमाचं नाव त्या रस्त्यावरून घेतलेलं. रस्ता फेमस झाला, माणूस मागे पडला. इंजिनीअरिंग, एन्व्हायर्नमेंटल सायन्स, जिऑलॉजी यातलं काहीही शिकत असाल तर हा माणूस तुम्हाला माहीत असायला हवा. आणि शिकत नसाल तरीही, कारण नळ तुमच्याही घरात आहे.

पाटकरी ते चीफ इंजिनीअर

मुलहॉलंडचा जन्म १८५५ चा, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. बालपण डब्लिनमध्ये गेलं. शाळेशी त्याचं फार जमलं नाही. पंधराव्या वर्षाच्या आसपास घर सोडून तो जहाजावर खलाशी झाला. फिरत फिरत १८७७ मध्ये लॉस एंजेलिसला पोचला. तेव्हा हे शहर म्हणजे जेमतेम दहा हजार वस्तीचं, धुळीने भरलेलं गाव होतं. लहानशी नदी आणि तिच्यातून काढलेले मातीचे पाट, एवढंच काय ते पाणी.

पुढच्या वर्षी त्याला नोकरी मिळाली ती या पाटांवर. आपल्याकडे ज्याला पाटकरी म्हणतात, तेच काम. पाटातला गाळ, पालापाचोळा काढायचा, पाणी वाहतं ठेवायचं. दिवसभर फावडं मारायचं आणि रात्री पाटाजवळच्या खोपटात दिव्याखाली गणिताची, हायड्रॉलिक्सची पुस्तकं वाचायची. डिग्री नाही, डिप्लोमा नाही. सगळं स्वतःचं स्वतः शिकला. १८८६ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ वर्षांत, तो त्याच पाणी कंपनीचा सुपरिंटेंडंट झाला.

१९०२ मध्ये शहराने ही खासगी कंपनी विकत घेतली. तेव्हा असं लक्षात आलं की पाइपलाइनचे धड नकाशेच नाहीत. कुठला पाइप कुठून जातो, किती इंची, कुठे व्हॉल्व्ह, हे सगळं मुलहॉलंडच्या डोक्यात. त्याने ते आठवून सांगितलं आणि मग ठिकठिकाणी खणून पाहिलं तर ते बरोबर निघालं, असं सांगतात. शहराने कंपनीसोबत मुलहॉलंडलाही ठेवून घेतलं.

हा किस्सा ऐकून आपण वा म्हणतो. पण जरा थांबा. अख्ख्या शहराची पाणीयोजना एकाच माणसाच्या डोक्यात असणं ही कौतुकाची गोष्ट आहे की काळजीची? तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही.

दुसऱ्याच्या खोऱ्यातलं पाणी

१९०० मध्ये शहराची वस्ती एक लाखावर गेली होती आणि नदी पुरेना. शहराचा माजी मेयर फ्रेड ईटन हा मुलहॉलंडचा जुना दोस्त. त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं एक स्वप्न होतं. सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पलीकडे ओवेन्स नावाचं खोरं आहे. तिथल्या नदीला बर्फाचं पाणी. खोरं शहरापेक्षा बऱ्याच उंचीवर, त्यामुळे पंप न लावता पाणी उतारानेच आणता येईल. १९०४ मध्ये दोघं घोडागाडीतून तिथे गेले आणि मुलहॉलंडने हिशेब केला. जमणार होतं.

अडचण एकच. तिथे लोक राहत होते. शेतकरी होते, आणि त्यांच्याही कितीतरी आधीपासून पायूट हे मूळ रहिवासी, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचे पाट काढून शेतजमीन भिजवली होती. शिवाय केंद्र सरकारचं रेक्लमेशन खातं याच खोऱ्यासाठी सिंचन योजना तपासत होतं.

इथे गोष्टीत एक तिसरा माणूस येतो, जे. बी. लिपिनकॉट. तो या सरकारी खात्याचा कॅलिफोर्नियातला वरिष्ठ इंजिनीअर. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांसाठी योजना बघणं हे त्याचं काम, आणि त्याच सुमारास तो लॉस एंजेलिस शहराकडून सल्लागार म्हणून मानधनही घेत होता. म्हणजे एका हाताने शेतकऱ्यांच्या पाण्याचा अभ्यास आणि दुसऱ्या हाताने ते पाणी न्यायला टपलेल्यांना सल्ला. एथिक्सच्या पेपरात हितसंबंधांच्या संघर्षावर उदाहरण लिहायचं असेल तर यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

ईटन खोऱ्यात जमिनी आणि त्यांच्यासोबतचे पाण्याचे हक्क घेत सुटला. विकणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत अशी की हे सगळं सरकारी सिंचन योजनेसाठीच चाललंय. ती समजूत दूर करायची तसदी कुणी घेतली नाही. मुलहॉलंडला सगळं ठाऊक होतं. शहराचं नाव फुटलं तर भाव वाढतील, म्हणून सारे गप्प. जुलै १९०५ च्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या पेपरात बातमी आली तेव्हा महत्त्वाचे व्यवहार उरकले होते. सरकारी योजना पुढे गुंडाळली गेली. लिपिनकॉट १९०६ मध्ये सरकारी नोकरी सोडून मुलहॉलंडच्या हाताखाली रुजू झाला.

मग काम सुरू झालं. ते मात्र खरंच थक्क करणारं. सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा, बोगदे, वाळवंटातल्या दऱ्या ओलांडणारे अजस्र पोलादी पाइप, आणि एकही पंप नाही. पाच वर्षांत आणि जवळपास ठरलेल्या खर्चात पूर्ण. चाळीसहून जास्त कामगार त्यात गेले. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी हजारो लोकांसमोर पाणी सोडलं, तेव्हा मुलहॉलंडचं भाषण अवघ्या पाच शब्दांचं झालं. हे आलं पाणी, घ्या, एवढाच त्याचा आशय. शहराने त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. मेयरपदासाठी उभं राहा म्हणून लोक मागे लागले, त्याने ते हसण्यावारी नेलं.

आणि ओवेन्स खोरं? १९२० च्या दशकात दुष्काळ पडला तशी शहराने आणखी जमिनी घेतल्या, आणखी पाणी उपसलं. चिडलेल्या लोकांनी मे १९२४ मध्ये कालव्याला सुरुंग लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गावकऱ्यांनी कालव्याचे दरवाजे ताब्यात घेऊन चार दिवस पाणी शहराकडे जाऊ दिलं नाही. बायका-मुलांसकट लोक तिथे जमले, जेवणं झाली, गाणीबजावणी झाली. पण शेवटी शहरच जिंकलं. ओवेन्स सरोवर आटलं आणि त्याच्या कोरड्या तळावरून उडणारी खारट, विषारी धूळ पुढे अमेरिकेतल्या सगळ्यात वाईट धूळ-प्रदूषणात मोजली जाऊ लागली. ती बसवायला लॉस एंजेलिस शहर एकविसाव्या शतकातही पैसा ओततंय, आणि त्यासाठी त्याच तळावर थोडं पाणीही सोडतंय.

मुलहॉलंडच्या बाजूने एक गोष्ट बोलली जाते. त्याने जे केलं ते शहरासाठी केलं, त्याची निष्ठा पक्की होती. मान्य. पण पाण्यात काम करणाऱ्याची निष्ठा फक्त नळाच्या टोकाला असलेल्या माणसाशी असते का? ज्याच्या अंगणातून पाणी निघतं त्याचं काय? धरणग्रस्तांच्या महाराष्ट्रात राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न नवा नाही.

वाढवलेली वीस फूट

कालवा येता येता सॅन अँड्रियास या भूकंपाच्या भेगेला ओलांडतो. भूकंप झाला आणि कालवा तुटला तर शहर कोरडं पडेल. म्हणून भेगेच्या अलीकडे, शहराच्या बाजूला, मोठा साठा हवा असं मुलहॉलंडने ठरवलं. विचार अगदी बरोबर. जागा निवडली सॅन फ्रान्सिस्किटो नावाची अरुंद दरी. १९२४ ते १९२६ मध्ये तिथे सेंट फ्रान्सिस धरण उभं राहिलं. काँक्रीटचं, स्वतःच्या वजनावर पाणी अडवणारं.

आता नीट लक्ष द्या, कारण खरी गोष्ट इथे आहे.

काम सुरू झाल्यावर धरणाची उंची दहा फुटांनी वाढवली. मग आणखी दहा फुटांनी. जास्त पाणी मावावं म्हणून. पण पाया त्या प्रमाणात रुंद केला नाही. वजनावर उभ्या राहणाऱ्या धरणात उंची वाढवली की पाण्याचा दाब झपाट्याने वाढतो, आणि तो पेलायला तळ रुंदच हवा. हे सिव्हिलच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं म्हणजे खडक. दरीच्या पूर्वेकडचा खडक पापुद्र्यांचा, घसरणारा. तो कच्चा आहे हे मुलहॉलंडने स्वतः कित्येक वर्षांपूर्वी, कालव्याचे बोगदे खणताना नोंदवलेलं होतं. पश्चिमेकडचा लालसर खडक कोरडा असताना टणक वाटायचा, पण पाण्यात टाकला की विरघळून त्याचा चिखल व्हायचा. हे बघायला लॅब लागत नव्हती, ग्लासभर पाणी पुरलं असतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. हा आराखडा बाहेरच्या कुठल्याही तज्ज्ञ मंडळाने तपासला नाही. कॅलिफोर्नियात १९१७ चा कायदा होता, राज्याच्या इंजिनीअरने धरणं तपासायची. पण ज्या शहरांकडे स्वतःचं इंजिनीअरिंग खातं आहे त्यांना त्यातून सूट. लॉस एंजेलिसकडे खातं होतं आणि खात्यात मुलहॉलंड होता. कोण कुणाला विचारणार? हाताखालच्या लोकांना शंका आल्या असतीलही, पण ज्याने ३७५ किलोमीटर पाणी आणून दाखवलं त्याला पाया पुरेसा रुंद आहे ना, असं विचारायला छाती लागते.

गढूळ पाणी

धरण भरत गेलं तशा काँक्रीटला भेगा दिसू लागल्या, पाणी झिरपू लागलं. काँक्रीट सुकताना असं होतंच, म्हणून भेगा बुजवल्या. खालच्या खोऱ्यातले लोक धरण फुटण्यावरून एकमेकांची थट्टा करायचे, असं सांगतात. ७ मार्च १९२८ रोजी जलाशय काठोकाठ भरला.

१२ मार्चच्या सकाळी धरणाचा राखणदार टोनी हार्निशफेगर याला नवी गळती दिसली, आणि तिचं पाणी गढूळ होतं. गळती प्रत्येक धरणाला थोडीफार असते. ती स्वच्छ असेल तर सहसा चिंता नसते. गढूळ असेल तर त्याचा अर्थ पाणी आपल्यासोबत पायातली माती घेऊन येतंय. टोनीला हे कळत होतं. त्याने लगेच फोन केला.

मुलहॉलंड आणि त्याचा सहायक हार्वी व्हॅन नॉर्मन तातडीने आले. दोनेक तास त्यांनी धरण पाहिलं. मुलहॉलंडचा निष्कर्ष असा की पाणी बाहेर पडताना स्वच्छच आहे, पुढे नव्या रस्त्याच्या सैल मातीला लागून ते गढूळ होतंय. तर्क अगदीच वेडगळ नव्हता. त्याने बघितलं, विचार केला, मग बोलला. पण जलाशय काठोकाठ भरलेला असताना, दोन्ही बाजूंनी गळती असताना, आपण चुकत असलो तर काय, हा प्रश्न विचारणारं शेजारी कुणी नव्हतं. पाणी कमी करायचा हुकूम निघाला नाही. खालच्या गावांना निरोप गेला नाही. दुपारी तो परत गेला.

रात्री ११ वाजून ५७ मिनिटांनी धरण फुटलं.

सुमारे पावणेदोन टीएमसी पाणी. पुणेकरांना अंदाज यावा म्हणून सांगते, खडकवासल्याच्या साठ्याहून थोडंसंच कमी. सुरुवातीला लाट १४० फुटांपर्यंत उंच होती. राखणदार टोनी आणि त्याचा सहा वर्षांचा मुलगा पहिल्या बळींमध्ये. खाली वीजकेंद्राजवळची कर्मचाऱ्यांची वसाहत जवळपास पूर्ण गेली. पुढे वीज कंपनीच्या कामगारांचा तंबूंचा कॅम्प होता, तिथले ऐंशीहून जास्त गेले. सांता पॉला गावात टेलिफोन ऑपरेटर मुली जागेवर बसून घराघरांत फोन लावत राहिल्या, मोटरसायकलवरच्या पोलिसांनी दारं ठोठावत लोकांना उठवलं, म्हणून कित्येक जण वाचले. ८७ किलोमीटर वाहून पहाटे साडेपाचच्या सुमारास ते पाणी समुद्राला मिळालं. किमान ४३१ माणसं मेली असावीत असं मानलं जातं. नेमका आकडा कधीच कळला नाही, कारण मळ्यांवर राबणाऱ्या कितीतरी मेक्सिकन मजुरांची कुठे नोंदच नव्हती.

चौकशीच्या खुर्चीत

काही दिवसांत चौकशी बसली. ७२ वर्षांचा मुलहॉलंड साक्षीला आला. सुरुवातीला घातपाताची शंका त्याच्याही मनात होती. कालव्याला सुरुंग लागलेच होते, त्यामुळे तिकडे बोट दाखवणं सोपं होतं. हाताखालच्या इंजिनीअरवर ढकलणं त्याहून सोपं. त्याने दोन्ही केलं नाही. माणसाच्या हातून चूक झाली असेल तर तो माणूस मी आहे, दोष दुसऱ्या कुणाला देऊ नका, असं त्याने सांगितलं. यात गेलेल्यांचाच आपल्याला हेवा वाटतो, असंही तो म्हणाला.

ज्यूरीने धरण फुटण्याचं कारण कमकुवत खडक आणि चुकलेला इंजिनीअरिंग निर्णय हे ठरवलं. जबाबदारी मुलहॉलंडवर आणि त्याच्या वरच्या मंडळावर टाकली, पण गुन्हा दाखल करण्याजोगं काही आढळलं नाही. आणि एक शिफारस केली, जी आजही एथिक्सच्या वर्गात शिकवली जाते. एवढ्या मोठ्या धरणाचा निर्णय कधीही एकट्या माणसावर सोडू नये, मग तो कितीही मोठा असो.

१९२९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदे बदलले. धरणं राज्याच्या देखरेखीखाली आली, शहरांची सूट गेली. सिव्हिल इंजिनीअरना परवाना सक्तीचा झाला. मुलहॉलंडने १९२८ च्या अखेरीस पद सोडलं. पुढची वर्षं तो मिटून राहिला आणि २२ जुलै १९३५ रोजी गेला.

अनेक दशकांनी अभ्यासकांनी दाखवलं की धरणाची पूर्वेकडची बाजू एका प्राचीन, प्रचंड दरडीवर टेकलेली होती. ती ओळखणं त्या काळच्या भूगर्भशास्त्रालाही अवघड गेलं असतं. म्हणजे मुलहॉलंड सुटला का? मला तसं वाटत नाही. दरड त्याला दिसली नसती, पण विरघळणारा खडक दिसत होता. वाढवलेली वीस फूट त्याचीच होती. आणि कुणाला विचारायचं नाही, हेही त्यानेच ठरवलं होतं.

हे आपल्याला का सांगायचं?

कारण आपल्याकडे पानशेत आहे. १२ जुलै १९६१, काम अपुरं असताना भरलेलं मातीचं धरण फुटलं, खडकवासलाही गेलं आणि निम्मं पुणं पाण्यात. तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी पुण्यातलं असेल तर विचारून बघा. कारण आपल्याकडे तिवरेही आहे. जुलै २०१९, चिपळूण तालुका. धरण गळतंय म्हणून गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. धरण फुटून वीसच्या आसपास माणसं गेली, आणि मग खेकड्यांनी धरण पोखरलं असं जबाबदार पदावरून सांगण्यात आलं. मुलहॉलंड चुकला, पण त्याने खेकड्यांकडे बोट दाखवलं नाही.

२०२१ मध्ये देशात धरण सुरक्षा कायदा आला. ठरावीक काळाने पाहणी, त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी, धोक्याच्या वेळचा आराखडा, हे सगळं त्यात आहे. कागदावर. पाहणीच्या फॉर्मवर सही करणारा माणूस मात्र उद्या तुमच्यातलाच कुणीतरी असणार. गळतीचं पाणी गढूळ दिसलं तर तो ते लिहील का? वरिष्ठ म्हणाले ठीक आहे, तर तो पुन्हा विचारेल का? टोनीसारखा फोन आला तर तो फोन करणाऱ्याचं ऐकेल का?

याची सवय नोकरी लागल्यावर लागत नाही. पुढच्या वेळी ग्रुपमधल्या हुशार मुलाने फाइल पाठवली की ती उघडा आणि वाचा. आणि तो हुशार मुलगा किंवा मुलगी तुम्हीच असाल, तर पाठवताना खाली एक ओळ टाका, कुणीतरी प्लीज चेक करा म्हणून.